दोन सेलेरॉन आणि एक खण

रोह्याच्या एसटी स्टँडासमोर, रसवंतीला लागून, आठ बाय दहाचा एक गाळा होता. दारावर ‘सगुणा व्हिडिओ गेम’ अशी पिवळी पाटी. आत तीन टीव्ही, तीन गेमचे डबे, दोन बाकडी आणि एक बाई. ती बाई म्हणजे सगुणा मोकल. वय चव्वेचाळीस, अंगानं काटकुळी, आणि आवाज असा की तिनं आतनं “ए, रिमोट आपटू नको रं!” म्हटलं की स्टँडात लागलेल्या पेण गाडीचा कंडक्टरसुद्धा हातातली तिकिटांची पेटी सांभाळून धरायचा.

तिला स्वतःला एकही गेम खेळता येत नव्हता, बरं का. पण कोणाची गाडी कुठल्या वळणावर पलटी होते आणि हरल्यावर पैसे न देता कोण सटकायला बघतो, हे तिला तोंडपाठ होतं. शिफ्ट सुटली की धाटावच्या कंपन्यांतली तरणी माणसं डबा हातात घेऊनच यायची. सगळी तिला मावशी म्हणायची, आणि मावशी सगळ्यांना वेळेवर उठवायची. घड्याळाच्या बाबतीत ती सख्ख्या भावालाही सोडणारी नव्हती.

आता ही घड्याळाची शिस्त तिला कुठनं आली, तर ती आली पॅकिंग खात्यातनं. गाळा घेण्याआधी दहा वर्षं सगुणानं धाटावला कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंग केलं होतं. सकाळी सातला कॉन्ट्रॅक्टरच्या टेबलापुढं लाईन लावायची. टेबलामागचा कारकून मान वर न करता नंबर सांगायचा, हजेरीचं कार्ड हातात टेकवायचा, आणि बाया जास्त झाल्या तर “बाकीच्या उद्या या” म्हणून हाकलून द्यायचा. कितीदा तरी सगुणा डबा घेऊन गेली आणि तसाच घेऊन घरी आली. दहा वर्षांत त्या कारकुनानं तिला एकदाही नावानं हाक मारली नाही, हे तिच्या मनात कायम सलत राहिलं. म्हणून चौऱ्याण्णव साली गाळा मिळाला तेव्हा तिनं पाटीवर पहिलं काय लिहून घेतलं असेल, तर स्वतःचं नाव.

चार वर्षं झकास गेली. मग अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला हितेश उगवला.

हितेश म्हणजे त्याच कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा. पंचविशीचा, गोरागोमटा, वाईट नव्हता हो, पण बापाच्या टेबलामागं वाढलेला. त्यानं बाजारपेठेत दुकान काढलं, काचेचं दार लावलं आणि मुंबईहून एक कॉम्प्युटर आणला. बाहेर बोर्ड झळकला: ‘पेंटियम टू. रोह्यात सर्वात फास्ट.’ तासाला चाळीस रुपये. पडद्यावर गाड्या अशा पळायच्या की सगुणाच्या टीव्हीवरच्या गाड्या तिच्या गिऱ्हाइकांना एकाएकी बैलगाड्या वाटायला लागल्या. जानेवारी उजाडेपर्यंत तिच्या तीन टीव्हींपैकी दोन झाकलेले असायचे.

एका दुपारी हितेश स्वतःच तिच्या गाळ्यात आला. बाकड्यावर बसला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, “मावशी, हे डबे आता भंगारात दे. जागा मात्र एक नंबर हाय तुझी, स्टँडासमोर. मला दे. मी मालकाशी बोलतो. आणि तू काळजी नको करू, बाबांना पॅकिंगला जुन्या बाया हव्याच हायत.”

त्यानं ते प्रेमानंच सांगितलं, म्हणून तर जास्त झोंबलं. सगुणाचा तिळपापड झाला. तिला ते टेबल दिसलं, ती लाईन दिसली, आणि मान वर न करणारा कारकून दिसला.

“चहा घेऊन जा, हितेशशेठ,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गाळ्याला कुलूप लावलं, बाजारपेठेत गेली, हितेशच्या हातात चाळीस रुपये ठेवले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली. गेम लावून दिला तरी बटणाला हात लावला नाही. तासभर ती बघत राहिली. पडद्याकडं कमी आणि मागं जास्त. मागं आठ जण उभे होते. एक खेळणार, आठ हाताची घडी घालून बघणार, आणि कंटाळून पाच जण निघून जाणार. सगुणानं हे नीट ध्यानात ठेवलं आणि तास संपायच्या आधी दोन मिनिटं उठली.

घरी तिचा नवरा काळुराम सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. नागोठण्याच्या कंपनीत तो मेंटेनन्सला. तिनं त्याला सरळ सांगितलं, “पतपेढीतले चौऱ्याऐंशी हजार काढतंय. कॉम्प्युटर घेतंय.”

काळुरामनं बुटाची नाडी तशीच सोडली. ते पैसे सगुणाचेच होते, रोज वीस-पंचवीस करत साठवलेले, त्यामुळं नको म्हणायची सोय नव्हती. “घे,” तो म्हणाला, “पन मग हितेशसारखाच घे. पेंटियम टू. सगला पैसा एकात टाक गो. आमच्याकडं स्वस्तातलं बेअरिंग घातलं का महिन्यात पंप बंद. मग लाईन थांबते, सायब वरडतो, आनि महागाचं बेअरिंग आनावंच लागतं. मी रोज बघतंय.”

बोलणं खोटं नव्हतं, आणि सगुणालाही ते पटलं. ती पेणला निघाली ती महागाचाच कॉम्प्युटर घ्यायचा असं ठरवून.

पेणला तिच्या भावाचा मुलगा निकेश टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. गणपतीच्या कारखान्याला लागून दुकान, त्यामुळं सगळ्या उघड्या टीव्हींवर पांढरी धूळ. दोन वर्षांपासून तो मुंबईहून सुटे भाग आणून कॉम्प्युटरही जोडून द्यायला लागला होता. आत्या आली म्हटल्यावर त्यानं स्टूल पुसलं.

“पेंटियम टू जोडून दे,” आत्या म्हणाली.

निकेशनं वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. “आत्या, सगला मिलून साठच्या वर जाईल. त्यात नुसता प्रोसेसरच पंचवीस हजारांचा हाय.”

“आनि पंचवीसचा नाय घेतला तर?”

“तर सेलेरॉन हाय. साडेपाच हजारांचा.”

सगुणाला वाटलं भाचा चेष्टा करतोय. पंचवीस कुठं आणि साडेपाच कुठं! निकेश म्हणाला की लोक सेलेरॉनला नावं ठेवतात, कारण पहिला आला तो अगदीच मंद होता. पण आता नवा आलाय त्याची गोष्ट वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय, हे सांगताना त्याला घाम फुटला, कारण आत्या दर वाक्याला “म्हंजे?” विचारत होती.

“हे बघ आत्या. प्रोसेसर म्हंजे काम करनारा. त्याला माल लागतो. माल असतो मेमरीत, पन ती लांब. म्हनून थोडा माल आधीच जवल आनून ठेवतात. त्या जागेला कॅशे म्हनतात. पेंटियम टूची कॅशे मोठी, पाचशे बारा. नव्या सेलेरॉनची एकशे अठ्ठावीस.”

“म्हंजे चौथाई. मग वाईटच की रं.”

“थांब ना! पेंटियमची मोठी हाय, पन ती बाजूला बसवलेली. निम्म्याच वेगानं माल देते. सेलेरॉनची ल्हान, पन त्याच्या पोटातच हाय. पूर्न वेगानं देते.”

सगुणाला काहीतरी आठवलं. हातातला चहा तिनं टेबलावर ठेवला.

तिचं माहेर वडखळच्या पलीकडं, खाडीकाठी. सगळं घर मिठागरावर. ती दहा वर्षांची असताना तिचा बाप जनू गोण्या भरायचा आणि ती डोक्यावरनं मिठाच्या पाट्या आणून द्यायची. शेजारी विठू नावाचा दुसरा गडी गोण्या भरायचा. विठूनं बायांना सांगून भली मोठी रास करून घेतली, पण एवढी मोठी रास मावणार कुठं, तर दहा पावलांवरच्या रुंद बांधावर. दर खेपेला फावडं घेऊन तो दहा पावलं जायचा, दहा पावलं यायचा. जनूनं लेकीला सांगितलं, “माझ्या पायाशी चारच पाट्या ओत. संपत आल्या का परत चार ओत.” उन्हं उतरताना मुकादमानं मोजल्या तर विठूच्या साठ गोण्या आणि जनूच्या बासष्ट. आणि विठूच्या पिंढऱ्या सुजल्या होत्या, त्या वेगळ्याच.

“निक्या,” सगुणा म्हणाली, “तुझा सेलेरॉन म्हंजे आपला आबा रं! पायाशी चार पाट्या. आनि पेंटियम तो विठू.”

निकेशचं तोंड उघडंच राहिलं. त्यानंही आजोबांबरोबर सुट्टीत मिठागरावर पाट्या उचलल्या होत्या. “आयला आत्या, व्हय की!”

“आनि तो पहिला, ज्याला लोक नावं ठेवतात?”

“त्याला कॅशेच नव्हती.”

“म्हंजे गोनीचं तोंड धरून उभा, पाटी कधी येतेय बघत. तो काय काम करनार, कपाल!” सगुणाला इतका आनंद झाला की तिनं स्टुलावरच मांडी ठोकली. “बरं, मग वेगात हा पेंटियमच्या बरोबरीला येतो का? खरं सांग.”

निकेशनं खरं सांगितलं. सेलेरॉन तीनशेचा, हितेशचा पेंटियम चारशेचा. आहे तसा लावला तर मागं पडणार. पण मदरबोर्डवर एक बारीकशी पिन बदलली की बाहेरून माल आणणाऱ्यांची चाल सहासष्टवरनं शंभरावर जाते, आणि त्यांच्यापायी हा तीनशेचा गडी चारशेपन्नासनं पळायला लागतो. सगळेच पळतात असं नाही. कंपनीची गॅरंटी तीनशेचीच. मधेच अडकला तर कोणाकडं तक्रार करता येणार नाही, आणि गरम होतो तो होतोच.

“म्हंजे बायांनी चाल वाढवली का भरनाऱ्यालाही हात उचलावा लागतो,” सगुणा म्हणाली. “जो खमक्या असंल तो टिकतो. कलंल कसं?”

“चालवूनच बघावं लागंल.”

सगुणानं वहीचं पान स्वतःकडं ओढलं. सेलेरॉनवाला अख्खा कॉम्प्युटर, गेमचं कार्ड हितेशच्याच कार्डासारखं घालून, एकेचाळीस हजारांना पडत होता. तिनं एकेचाळीसच्या खाली परत एकेचाळीस लिहिले. बेरीज ब्याऐंशी. तिला हितेशच्या दुकानात हाताची घडी घालून उभे असलेले ते आठ जण आठवले.

“निक्या, दोन मशीनं वायरनं जोडली तर दोघांना एकमेकांसंगं खेलता येतं?”

“येतं की! तीच तर खरी मजा.”

“मग दोन जोड. आनि ऐक. दोन्ही तुझ्या दुकानात तीन दिवस चालव, दुकान उघडल्यापासनं बंद होईपर्यंत. चारशेपन्नासवर. अडकला एकदा जरी, तर मी नेनार नाय.”

काळुराम हे ऐकून डोक्याला हात लावून बसला. “दोन स्वस्तातले घेन्यापरीस एक चांगला घे म्हनलं होतं ना मी!”

“स्वस्तातला नाय हो तो, कमी किमतीचा हाय. कमी काम करतो त्याला स्वस्तातला म्हनायचं. तुमच्या त्या पंचवीस हजारांतले वीस कसले, तर नावाचे.” असं ती ठणकावून बोलली खरी. पण साठवलेलं सगळं त्या दोन डब्यांत गेलं होतं.

निकेशनं दोन्ही मशीनं टेबलावर उघडीच ठेवून, झाकणं न लावता, तीन दिवस चालवली. एकदाही अडकली नाहीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती टेम्पोतनं रोह्याला आली.

टेम्पो बाजारपेठेतनं गेला म्हणजे गावभर झालंच. संध्याकाळी हितेश स्टँडासमोर हजर. खोके बघितले, नाव वाचलं आणि हसला. “सेलेरॉन? मावशी, तुला कोणी टोपी घातली? हा शाळेत टायपिंग करायला ठेवतात.”

सगुणाचं डोकं सणकलं. “उद्या पाडवा. ये तुझं मशीन घेऊन. दोघांवर एकच गेम लावू.”

आता पैज मांडली ती अशी. एका गेममधे आधीच नोंदवलेली एक लढाई आपोआप चालवता यायची, आणि शेवटी मशीन सेकंदाला सरासरी किती चित्रं दाखवू शकलं, तो आकडा पडद्यावर यायचा. हितेशचा आकडा होता एकसष्ट. तो त्यानं दुकानाच्या काचेवरच रंगवून घेतला होता. सगुणाच्या मशीननं त्याच्यापेक्षा एक जरी जास्त काढला, तर हितेशनं ‘सर्वात फास्ट’चा बोर्ड उतरवायचा. नाही काढला, तर सगुणानं गाळ्याची किल्ली हितेशला द्यायची. काळुराम मधे पडायला गेला, पण तोवर शब्द निघून गेला होता. वीस-पंचवीस जण ऐकत होते.

पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभी राहिली. सगुणानं दोन्ही मशीनं टेबलावर मांडली. निकेशनं झाकणं नीट स्क्रू लावून बंद केली होती. तिच्या माहेरी एक रीत होती. मोसमातलं पहिलं मीठ ओढलं की त्या पहिल्या राशीवर नवा खण पसरायचा आणि वर नारळ ठेवायचा. मगच पहिली पाटी भरायची. सगुणाला वाटलं, ही आपली पहिली रासच की. तिनं पेणहून आणलेला हिरवा, जरीकाठी खण पहिल्या मशीनवर पसरला. मागं वायरींचा गुंता दिसत होता, तो बरा दिसत नव्हता, म्हणून खण मागच्या बाजूनं छान खालपर्यंत सोडला. वर नारळ ठेवला. हळदकुंकू वाहिलं. हात जोडले आणि मनात म्हणाली, आबा, तुमच्याच भरवशावर हाय.

अकरा वाजता हितेशचं मशीन रिक्षातनं आलं. गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. रसवंतीवाल्यानं चरक बंद करून बाकडं आणून दिलं. आधी हितेशचं लावलं. लढाई चालली, संपली, आकडा आला: एकसष्ट. टाळ्या पडल्या.

मग सगुणाचं. निकेशनं बटण दाबलं. पडद्यावर लढाई सुरू झाली आणि मागं कोणीतरी “च्यायला!” म्हणालं, कारण चित्र पाण्यासारखं वाहत होतं. पाव लढाई झाली, अर्धी झाली, आणि पडदा थांबला. बंदूक उचललेली तशीच राहिली. आवाज टर्रर्र करत एकाच जागी अडकला.

मग हसण्याचा असा फवारा उडाला की बाहेर गाडीतल्या माणसांनी खिडकीतनं डोकी काढली.

“झालं मावशी,” हितेश म्हणाला. तो मात्र हसत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “किल्ली आज नको, सोमवारी दे. आणि सोमवारीच सातला गेटवर ये. मी बाबांना सांगून ठेवतो, तुझा नंबर पुढं लावतील.”

सगुणानं मनात हिशेब मांडला. चार वर्षांची पाटी, चौऱ्याऐंशी हजार, सगळं गेलं, आणि परत ती लाईन! निकेश पांढराफटक पडला होता. तिच्या कानाशी येऊन म्हणाला, “आत्या, पिन परत तीनशेवर करू? अडकनार नाय मग.”

“मग आकडा किती येईल?”

“पन्नासच्या आसपास.”

“एकसष्टच्या वर?”

निकेशनं मान हलवली.

“मग काय उपयोग!” ती खेकसली, आणि कशाचा तरी आधार हवा म्हणून तिनं मशीनवर हात ठेवला. ठेवला तसा झटकन उचलला. डबा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. तिनं परत हात फिरवला, खणाखाली, मागच्या बाजूला. तिथं मशीनचा पंखा घरघरत होता, आणि खण त्याच्या तोंडाला घट्ट चिकटून बसला होता. गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती.

“अगो बाय गो!” सगुणानं कपाळावर हात मारून घेतला. “मीच त्याच्या नाकावर हात धरलाय! पेनला तीन दिवस उघडा होता म्हनून धावला. इथं मी त्याला झाकनात कोंडला, वर खनही गुंडाललाय!”

परत हशा उठला, पण सगुणाला आता त्याची पर्वा नव्हती. तिनं नारळ काळुरामच्या हातात दिला, खण ओढून कमरेला खोचला आणि हितेशकडं वळली. “शेठ, मशीन अडकलं हाय, आकडा आलेला नाय. पैज आकड्याची हाय. दहा मिन्टं दे.”

गर्दीतनं कंपनीतली माणसं ओरडली, “द्यायलाच पायजे! द्यायलाच पायजे!” हितेशनं घड्याळ बघितलं आणि हात पसरले. “दहा कशाला, पंधरा घे.”

“निक्या, झाकन काढ. गडी उघड्या अंगानंच काम करतो.”

निकेशनं स्क्रू काढले. काळुरामनं, हो, त्याच स्वस्तातल्या बेअरिंगवाल्या काळुरामनं, स्वतः स्टुलावर चढून फळीवरचा टेबलफॅन उतरवला आणि उघड्या डब्यासमोर बरोबर कोन साधून धरला. “गरम झालेलं मशीन मला नको शिकवू,” तो निकेशला म्हणाला. “हवा एका अंगानं आत, दुसऱ्या अंगानं बाहेर.” दहा मिनिटांनी त्यानं आत हात घालून बघितलं आणि बायकोकडं बघून मान डोलावली.

निकेशनं दुसऱ्यांदा बटण दाबलं.

पाव लढाई झाली. अर्धी झाली. जिथं मघाशी बंदूक अडकली होती तिथं आली, उचलली गेली आणि पुढं निघून गेली. आता कोणी हसत नव्हतं. सगुणानं डोळे मिटून घेतले होते. तिला पडद्यात काही कळत नव्हतंच, ती पंख्याची घरघर ऐकत होती. लढाई संपली. तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

“किती गो?” तिनं कोणाला विचारलं ते तिलाही कळलं नाही.

“चौसष्ट!” निकेशची किंकाळीच निघाली. “आत्या, चौसष्ट!”

मग जो काय गोंधळ झाला म्हणता! कोणी बाकड्यावर चढलं, कोणी शिट्टी मारली, रसवंतीवाल्यानं घुंगरू वाजवत चरक सुरू केला. काळुराम एका हातात पंखा आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन नाचायला लागला, आणि नाचता नाचता त्यानं तो नारळ उंबऱ्यावर फोडला. सगुणा रडली. सरळ रडली, लपवलं नाही, कमरेचा खण काढून त्यानंच डोळे पुसले. “साडेपाच हजारांचा माझा गडी,” ती म्हणत होती, “साडेपाच हजारांचा!”

हितेशचा चेहरा उतरला होता, पण शब्दाला तो पक्का निघाला. “बोर्ड आज उतरवतो, मावशी,” तो म्हणाला. “पण तीनच चित्रं जास्त हायत. गिऱ्हाईक तीन चित्रं मोजत नाय.”

“ते खरं बोललास,” सगुणा नाक पुसत म्हणाली. “तीन चित्रांसाठी कोनी येत नाय. निक्या, दुसरं चालू कर.”

हितेशला आधी कळलं नाही. निकेशनं दुसऱ्या मशीनचंही झाकण काढलं, दोघांमधे वायर जोडली. कंपनीतल्या दोघांना समोरासमोर बसवलं. एकाच्या पडद्यावर दुसऱ्याची गाडी दिसायला लागली, आणि मागची ती नेहमी घडी घातलेली माणसं आपापल्या माणसाच्या नावानं बोंबलायला लागली. “दाब! दाब! डावीकडं घे रं!” हरलेला उठला की दुसरा बसायचा, आणि हरलेला परत रांगेच्या शेवटी उभा राहायचा, कारण मशीनकडनं हरलेला माणूस घरी जातो, पण मित्राकडनं हरलेला जात नाही. सगुणानं भाव ठेवला तासाला पंचवीस. हितेश पंचवीस हजारांचा प्रोसेसर कडेला घेऊन हे सगळं बघत उभा होता, आणि त्याला कुठं काय चुकलं ते बहुतेक तिथंच उमगलं.

त्या दिवसापासून सगुणाच्या मशीनांना झाकणं लागली नाहीत. खण तिनं पाटीच्या वर, खिळ्याला, हवेशीर बांधून ठेवला. मे महिन्याच्या सुट्टीत तर अशी गर्दी झाली की तिला वहीत नंबर लावायची पद्धत सुरू करावी लागली. वहीत ती नंबर लिहायची, पण पुकारताना मात्र नावानं पुकारायची. नाव माहीत नसलं तर विचारून घ्यायची, मग कितीही घाई असो.

अशाच एका दुपारी, वहीत दहा नावं झाली होती, आणि टेबलापुढं कोणीतरी येऊन उभं राहिलं. सगुणा लिहिण्यात गुंग होती.

“मावशी, निकेशचा पत्ता हवा होता,” आवाज आला. “म्हटलं, दोन सेलेरॉन घ्यावे. आणि... एक डाव खेळून बघू का तुझ्याकडं?”

ओळखीचा आवाज होता. मान वर न करताही नंबर सांगता आला असता. तिच्या जिभेवर तो आलाही होता, आणि दहा वर्षं तिनं ह्याच क्षणाची वाट बघितली होती असं म्हटलं तरी खोटं नाही.

तिनं पेन थांबवलं आणि मान वर केली.

“ये, हितेश,” ती म्हणाली. “पत्ता देतंय. अकरावा नंबर हाय तुझा. पन तू बस बाकड्यावर, उभा नको ऱ्हाऊ. तुझी पाली आली का मी नावानं हाक मारीन.”